माझ्या मशीनवर लिहिलेली फ्लॉपी

६ फेब्रुवारी १९८९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फ्लॉपी सोबत आहे. आपल्या टायर रिमोल्डच्या कारखान्यातल्या वाफपेटीचं वय झालं, दाब कमी ठेवा, असं तपासनीस सांगून गेले ना, तसा प्रोग्राममधला दाबाचा आकडा बदललाय. तुझ्या कीबोर्डची अर्धी बटणं मेलेली, म्हणून हे लचांड माझ्या गळ्यात! बाबांचा प्रोग्राम ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरवर उघडला, पण त्यांनी कुठे काय ठेवलंय ते शोधताना नाकी नऊ आले.

आता दाब कॉम्प्युटर सांभाळेल. तेव्हा बाबांना त्या स्टुलावरून उठव बघू. डोळ्यांनी धड दिसत नाही, तरी रोज वाफ बाहेर सोडायच्या चावीवर हात ठेवून बसायचं, हा काय हट्ट! वहिनीला म्हणावं, लोकर गुंडाळायला बसव त्यांना.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी खारू

९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न.

फोन लागत नाही. तार केली आहे, तरी हे पत्र तिकडे येणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती देते. ती फ्लॉपी मशीनमध्ये घालू नकोस. घातली असलीस तर पेटीत वाफ भरू नकोस.

आज आमच्या दुरुस्तीवाल्याला सहज सांगितलं, तर त्याने कपाळालाच हात लावला. म्हणाला, नव्या ड्राइव्हचं लिहिणारं-वाचणारं हेड बारीक, जुन्याचं रुंद. जुनी फ्लॉपी नव्यात वाचावी, लिहू नये. मी बाबांच्या रुंद रेघेवर बारीक रेघ ओढली, कडांना त्यांचा जुना आकडा उरलाच. माझ्याकडे नवाच दिसतो. तुझा ड्राइव्ह कधी नवा वाचेल, कधी जुना, कधी काहीच नाही. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह अजून जुन्याच दाबाला लावलेला. म्हणजे पेटी फुटेल, पण तो उघडणार नाही.

दादा, मला फार भीती वाटते. बाबांना उठवलं असशील, तर चावीशी कोणी नाही. नसशील, तर पेटीशेजारी तेच बसलेत. कसाही विचार केला तरी जीव थाऱ्यावर राहत नाही. एका ओळीचं का होईना, उत्तर पाठव.

तुझी खारू

११ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच, सगळे जिवंत आहोत. तुझी तार सगळं होऊन गेल्यावर आली.

फ्लॉपी घातली, पडद्यावर नवा आकडा दिसला. बाबांना म्हटलं, उठा आता. ते म्हणाले, परक्या मशीनवरून आलीय, मी बसतो. मी तुझ्या वहिनीकडे बघून हसलो. पहिली खेप छान निघाली. पण कॉम्प्युटर दर खेपेला फ्लॉपी नव्याने वाचतो. दुसऱ्या खेपेला मी बाहेर टायर उतरवत होतो, आणि बाबांची हाक आली. धावलो तर बाबांनी चावी उघडलेली, खोलीभर वाफ, दाबाचा काटा जुन्या आकड्यापासून खाली येत होता. पेटीचा आवाज बदलला, एवढंच ते म्हणाले. त्यांचं मनगट भाजलंय. मला दोन दिवस जेवण गेलेलं नाही.

पेटी बंद ठेवलीय. नवा कीबोर्ड घेऊन ये, आणि या ड्राइव्हवर, इथेच बसून कोऱ्या फ्लॉपीवर लिही, असा बाबांचा निरोप आहे. तुझ्यावर रागावलेले नाहीत. लोकरीचं मात्र मी त्यांना सांगितलेलं नाही.

सुताराकडून दुसरं स्टूल करून घेतलंय. चावीच्या या बाजूला आता मी बसणार.

लोभ आटू देऊ नकोस.
दादा