अर्ध्या बोटाचा हात

४ मार्च, मंगळवार

आज शून्य.

परवा शून्य, काल एक, आज पुन्हा शून्य! गेल्या महिन्याच्या सुरुवातीला रोज सात-आठ पार्सलं जायची. चार वाजता पार्सलवाला येतो. त्याला मी 'घाईघाई' म्हणते, कारण तो गाडी कधी बंदच करत नाही, चालू गाडीवरून हात पुढे करतो. आज त्यानं गाडी बंद केली.

"काय गं, दुकान मिटलं की काय?"

"शुभ बोल की जरा!"

आम्ही ज्या साइटवर माल विकतो ती फोनवर एक रेघ दाखवते, विक्री किती झाली त्याची. शाळा नववीत सुटली (मीच सोडली, उगाच शाळेला दोष नको), त्यामुळे टक्के वगैरे मला कळत नाहीत. पण रेघ घसरगुंडीवरून खाली गेली आहे, हे कळायला शाळा लागत नाही.

काकांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. खालून लेथचा, लाकूड कातायच्या यंत्राचा, आवाज येत राहिला, घर्रर्र. माझ्या खोलीची फरशी त्यानं बारीक हलते. झोपेत मांजर पोटावर बसल्यासारखं वाटतं. मला आवडतं ते.

५ मार्च

झोप नीट नाही. वहीच लिहू.

काका-काकूंच्या या माडीवर मी पंधरा दिवसांसाठी भाड्यानं आले होते. अकरा महिने झाले! याआधी एका गावात चारच्या वर महिने टिकले नाही — रोपवाटिका, मग हॉटेलात भांडी, मग होडीवर स्वयंपाक, मग अजून काहीतरी, आता आठवतही नाही. बॅग अजून पलंगाखाली आहे, अर्धी भरलेली. काकू झाडताना दर वेळी ती पायानं सरकवते आणि म्हणते, "पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आली ही." तेव्हापासून मी भिंगरी. खरं नाव तिला आठवतं की नाही कोण जाणे.

काका लाकडाच्या मुठी करतात. कपाटाच्या, खणाच्या, पेटीच्या झाकणाच्या. बाजारातला बिजागरीवाला प्लास्टिकच्या मुठी ठेवायला लागला आणि त्यानं काकांचा माल परत पाठवला. मी आले तेव्हा ड्रम भरून मुठी पडल्या होत्या आणि काका लेथ विकायचं म्हणत होते. मी सहज म्हटलं, धरा एक हातात, फोटो काढते. त्यांनी धरली. त्यांचं पहिलं बोट अर्धं आहे, तरुणपणी करवतीत गेलं. तो फोटो साइटवर चढवला. दोन महिन्यांत ड्रमचा तळ दिसला.

त्या दिवशी काका जेवताना एकटेच हसत होते. ते हसणं माझ्यामुळे होतं. असं कधी कुणाच्या घरी माझ्यामुळे झालं नव्हतं.

म्हणून ही रेघ वर जायला हवी. नाहीतर लेथ जाईल.

६ मार्च

दिवसभर उपाय. नावं बदलली — 'मूठ'च्या जागी 'देखणी मूठ'. मग 'अस्सल मूठ'. मग लाज वाटून परत 'मूठ'. सकाळी सहाला माल चढवला की जास्त लोक बघतात असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून सहाला उठले. उठले तर खिडकीबाहेर तारेवर दोन कबुतरं भांडत होती, एक दुसऱ्याला ढकलायचं, दुसरं उडून पुन्हा तिथेच. सव्वासात कधी वाजले कळलं नाही. माल चढवायचा राहिलाच.

फोटो तर आधीपेक्षा कितीतरी चांगले आहेत! गेल्या महिन्यात सगळे नव्यानं काढले. काकूची पांढरी चादर, त्यावर मूठ, वरून उजेड. एकदम मोठ्या कंपनीसारखं.

काकांचा हात फोटोतून काढून टाकला. जुने फोटो हलायला लागले होते, दहातले सात धुरकट. फोनचा कॅमेरा गेला असणार. त्यात एका व्हिडिओतल्या बाईनं सांगितलं होतं की फोटोत हात असला की माल स्वस्त वाटतो. आणि खरं लिहू? अर्धं बोट बघून लोक बिचकत असतील असंही मला वाटलं.

काकांना तेव्हा म्हटलं, "साइटचा नवा नियम आलाय, काका. फोटोत हात चालत नाही."

"असं का? बरं बरं." एवढंच. मग हात खिशात घातला.

तो खिशात घातलेला हात आज दिवसभर डोळ्यांपुढे आहे.

८ मार्च, शनिवार

दोन मुठी परत आल्या! 'घाईघाई'नं दोन खोकी खिडकीतून आत ठेवली आणि पळाला, जसं काही त्यात साप आहे. एकात चिठ्ठी : 'फारच लहान निघाली.' दुसऱ्यात : 'एवढी मोठी काय करू?'

माप लिहिलंय की प्रत्येकीखाली! पण वाचतं कोण. मी तरी कुठे वाचते.

काकूला सगळं सांगितलं, नियमाचं सोडून. ती भांडी घासत होती. म्हणाली, "आमचं लग्न झालं तेव्हा या घरात लेथ होता आणि एक बादली. तेवढ्यावर उभं राहिलं ना घर? तू आधी जेव." काकूच्या सगळ्या बोलण्याच्या शेवटी जेव असतं. मी जेवले. खरंच बरं वाटलं! इतक्या ठिकाणी राहिले, जेवलीस का असं रोज कुणी विचारलं नव्हतं.

१० मार्च

होडीवालीचा फोन. आम्ही दोघी एका होडीवर होतो. आता तिची स्वतःची आहे, मोठी. "पंधराला सकाळी सहाला निघतोय. तीन महिने. स्वयंपाकाला माणूस हवंय. तू येतेस असं धरून चालू ना?"

मी म्हटलं, सांगते.

"सांगते काय? तू आणि विचार करतेस? बरी आहेस ना?"

फोन ठेवल्यावर बॅग ओढून बाहेर काढली. आत एक मोजा सापडला, एकच. दुसरा कुठल्या गावात आहे देव जाणे. मग मोज्याचा विचार करत बसले आणि भरायची राहिली.

खाली लेथ बंद आहे. दुपारपासून.

११ मार्च

लेथ आजही बंद. खालच्या कारखान्याचं दार आतून लावलेलं. मी कडी वाजवली तर काका म्हणाले, "काम आहे. नंतर ये." काका मला कधी नंतर ये म्हणत नाहीत.

काकूला विचारलं. "मला काय माहीत! सकाळपासून कोंडून घेतलंय. चहा दिला तर दोन्ही हातांनी कप धरून प्यायले आणि पुन्हा दार लावलं."

लेथला गिऱ्हाईक बघत असतील. फरशी हलत नाही, त्यामुळे खोली मेल्यासारखी वाटते.

१२ मार्च, बुधवार

एका बाईंचा संदेश आला. शब्द न् शब्द उतरवून ठेवते :

'ताई, मी जुनी कपाटं दुरुस्त करते. तुमच्याकडून चार वेळा मुठी घेतल्या. आधी फोटोत एक हात असायचा, पहिलं बोट अर्धं. त्या अंगठ्याच्या नखावरून मला मूठ केवढी ते बरोबर कळायचं. आता पांढऱ्या चादरीवर तीच मूठ वाटाण्याएवढीही वाटते आणि भोपळ्याएवढीही. म्हणून घेतली नाही. हातवाले काका बरे आहेत ना?'

तीनदा वाचला. मग जिन्यात बसून चौथ्यांदा.

मी! मीच रेघ खाली ओढली. इकडे तिकडे कारण शोधत होते आणि कारण पांढऱ्या चादरीवर आरामात पसरलेलं! तो हात म्हणजे लोकांची मोजपट्टी होती. आणि मी त्याला खिशात पाठवलं. वर खोटं बोलून.

तरी या बाईंचे उपकार कसे फेडू? कोण कुठली. नुसती सोडून गेली असती, तर मला जन्मात कळलं नसतं. पण थांबून लिहिलं तिनं. आणि शेवटी विचारलं काय, तर काका बरे आहेत ना!

उद्या सांगायचंच. काय म्हणतील? हाकलतील? हाकलतील तर होडी आहेच. पण मला हाकलून घ्यायचं नाहीये.

१३ मार्च

सगळं नीट लिहायचं आहे. भराभर लिहिते, नाहीतर कबुतरं येतील.

सकाळी खाली गेले तर दार उघडं! काका स्टुलावर, काकू उंबऱ्यात. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका म्हणाले, "थांब. आधी हे बघ." फडकं बाजूला केलं.

हात! लाकडाचा. मनगटापासून पुढे, खऱ्याएवढा. बोटं जराशी मिटलेली, मूठ धरता येईल इतकी. अंगठ्याचं नख, सांध्यांवरच्या सुरकुत्या, सगळं. आणि पहिलं बोट अर्धं. तेही तसंच केलं होतं! पूर्ण करता आलं असतं की. लाकूड होतं तेवढं.

"खऱ्या हाताला बंदी आहे ना साइटची? लाकडाच्या हाताला नसेल. लाकूड तर आपण विकतोच."

मला रडूच फुटलं. काकू घाबरली. "अहो, काय केलंत तिला?"

मी सगळं बोलून टाकलं. नियम वगैरे काही नाही, मीच बनवला, फोटो हलत होते, व्हिडिओतली बाई, बोट, बाईंचा संदेश — सगळं उलटसुलट. एका श्वासात.

काकांनी मांडीवरचा भुसा झटकला. मग म्हणाले, "फोटो का हलत होते?"

"फोन बिघडलाय."

त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. नुसता, हवेत.

तो थरथरत होता. वाऱ्यात पान हलतं तसा.

"फोन ठीक आहे, पोरी. बिघाड इकडे आहे. लाकडावर पटाशी टेकवली की हात थरथरत नाही, म्हणून काम निभतं. मोकळा धरला की संपलं. तू नियमाचं बोललीस ना, त्या रात्री मी निवांत झोपलो. म्हटलं, वाचलो, आता हिला दिसणार नाही. झाकली मूठ."

"आणि मला मात्र दिसणार नाही, होय?" काकू म्हणाली. "चहा बशीत सांडतो तो काय मी बघत नाही? रोज पुसते कोण?"

म्हणजे तिघंही एकाच घरात आपापलं झाकून बसलो होतो! आधी काकूला हसू आलं, मग मला, शेवटी काकांना. हसताना त्यांचा हात जास्तच थरथरला आणि त्यांनी तो झाकला नाही.

मग ते म्हणाले, "होडी पंधराला ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"फरशी पातळ आहे. तुला लेथ ऐकू येतो, मला तुझा फोन. जा तू, मनात काही ठेवू नकोस. म्हणून तर घाईनं केला हा. तू नसलीस तरी काकू फोटो काढेल. हा हात हलायचा नाही."

किती माणसांनी मला 'थांब' म्हटलंय, आणि मी त्यांच्यापासून पळाले आहे. 'जा' म्हणून कुणी तीन दिवस दार लावून माझ्या जाण्याची सोय केली नव्हती.

१४ मार्च, शुक्रवार

लाकडाच्या हातात मूठ धरून काल सगळे फोटो नव्यानं काढले. एकही हलला नाही. चादर काकूला परत दिली, तिनं डाग शोधले, सापडले, ऐकवलं.

कपाटवाल्या बाईंना कळवलं — काका बरे आहेत, हात थोडा दमला होता, म्हणून त्याला जोडीदार केला. दुपारपर्यंत त्यांची ऑर्डर आली. मग आणखी दोघांच्या. एकानं विचारलं, तो हातच विकायचा आहे का! काका म्हणाले, "त्याला सांग, मूठ घे. हात मागू नये कुणाचा, माझा तर लग्नातच देऊन झालाय."

"काय बोलता हो!" काकूनं फडकं मारलं.

चारला घाईघाई आला. तीन पार्सलं बघून म्हणाला, "उघडलं वाटतं दुकान." गाडी चालूच. कधी नव्हे ते त्या फटफटीचा आवाज गोड लागला.

रेघ इवलीशी वर आली आहे. मुंगीनं डोकं उचलावं इतकी. पुरे आहे.

होडीवालीला अजून कळवलेलं नाही. बॅग दाराशी आहे, भरलेली. आज खाली लेथ दिवसभर चालू होता, मी फरशीवर पाठ टेकून पडून राहिले.

१५ मार्च

होडी सहाला सुटली. मी आठला लेथवर.

काकांनी मागून माझे दोन्ही हात पटाशीवर टेकवले, मग सोडले. अकराला पहिली मूठ निघाली. एका बाजूला कलंडलेली. मी लपवायला गेले, तर म्हणाले, "चढव साइटवर. " मग काकूला म्हणाले, "अगं, फोटो काढ. हिच्याच हातात."

फोटो हललेला आला. फोन ठीक आहे.