हातभर अलीकडं, हातभर पलीकडं

दादा, तुम्ही मला आयुष्यात तीनदा मारलंत आणि तिन्ही वेळा पाण्याच्या नळापायी. पहिल्या दोन वेळा मी लहान होतो, त्या विसरलो. तिसऱ्या वेळी माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं, आणि तुम्ही भर रस्त्यात फावड्याच्या दांड्यानं पोटच्या लेकाची पाठ फोडून काढलीत. तलावाकडून जालन्यात येणारा खापरी नळ जमिनीखाली कुठून कसा जातो, हे त्या काळी एकट्या तुम्हाला ठाऊक होतं. कागद नव्हता, नकाशा नव्हता. गावात कुणाला पाया खणायचा असो की नुसता खांब रोवायचा, तो सुपारी घेऊन आपल्या दाराशी यायचा. तुम्ही पहार जमिनीत ठोकून तिच्या डोक्याला कान लावायचात, पाणी ऐकायचात आणि नळाच्या वाटेवर चुन्याची फक्की मारायचात. फक्कीच्या हातभर अलीकडं आणि हातभर पलीकडं टिकाव चालवायचा नाही, खुरप्यानंच उकरायचं, हा तुमचा कायदा. मी त्या हातभरात टिकाव घातला होता. नळाला काहीही झालं नव्हतं, तरी मारलंत. माणसं मध्ये पडली तेव्हा म्हणालात की हाडं जुळतात, खापर जुळत नाही. घरी आई चुलीपुढं माझ्या पाठीला हळद लावतेय आणि तुम्ही पलीकडं बसून शांतपणे भाकरी खाताय. ती भाकरी तुमच्या घशात अडकावी असं मला वाटलं होतं. हे लिहायला आज लाज वाटत नाही. लाज वाटण्यासारखं पुढं बरंच आहे.

मग लोखंडी नळ टाकायचं काम निघालं आणि ते ठेक्यानं घेतलेल्या गुत्तेदारानं मला मुकादम केलं. तुमच्या हाताखालून सुटलो म्हणून मी पेढे वाटले होते. पण नवा नळ जुन्याच्या शेजारूनच जायचा होता, आणि तो चालू होईस्तोवर अर्धं गाव जुन्यावरच जगत होतं. तेव्हा तुम्ही आधी फक्की मारायची आणि मी तिच्या बाहेरून चर काढायचा, असं ठरलं. गावातले लोक म्हणाले, बाप-लेकाची जोडी चांगली जमली. कसली जमली! तुम्ही माझ्याच माणसांसमोर मला बाजूला सारायचात आणि मी दात-ओठ खात उभा राहायचो.

त्याच साली पटकीची साथ आली. एका सकाळी कामावर गेलो तर सफाईची माणसं गटारांच्या कडेनं चुना टाकून गेलेली. आदल्या दिवशी तुम्ही मारलेली फक्की त्यात कुठं बुडाली ते कळेना, सगळी गल्ली पांढरी. तुम्ही आलात, खाली वाकून बघितलंत, आणि तुमचा चेहरा मला पहिल्यांदाच घाबरलेला दिसला. "आज टिकाव लावू नको," तुम्ही म्हणालात. "नळ फुटला तर गटार त्यात जाईल आन् अर्धं गाव मरंल. म्या गेरू घेऊन येतो. लाल खूण करू, मंग खणा." तुम्ही बाजाराकडं वळलात आणि गुत्तेदाराचा टांगा आला. माणसं रिकामी बसलेली बघून त्याचं टाळकं सरकलं. मुकादम तू आहेस की तो चुनेवाला, असं त्यानं मला चारचौघांत विचारलं. मला आतून तिडीक उठली. मी एका पांढऱ्या रेघेकडं बोट केलं, नळ इथून जातो म्हणालो, आणि तिच्या पलीकडं दोन हात सोडून खणायला लावलं. ती रेघ मला तुमची वाटली, असं पुढं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं म्हणजे मी नीट बघितलंच नव्हतं.

चर छातीइतका खोल गेला आणि टिकाव खापरात घुसला. पाणी असं उसळलं की खणणारा मागं फेकला गेला, आणि तो उठायच्या आत काळ्या मातीची अख्खी बाजू त्याच्यावर बसली. वडीगोद्रीहून दोन दिवसांपूर्वी आलेली टोळी होती ती, त्याचा थोरला भाऊ वरच घमेली उचलत होता. तुम्ही धावत आलात, गेरूची पुडी फेकलीत आणि सरळ आत उडी मारलीत. नखं उलटेपर्यंत माती उपसलीत. तो निघाला तेव्हा त्याच्या तोंडात, नाकात चिखल गच्च भरलेला होता. तुम्ही त्याला वर सरकवलंत. गटाराची कड ढासळत होती. तुम्ही डोक्याचा पटका सोडून फुटक्या नळात कोंबलात आणि दोन्ही हातांनी दाबून धरलात. वर थोरला भाऊ विचारत होता, खूण कुणाची होती. कुणीतरी म्हणालं, "चुना म्हाताऱ्यानंच टाकल्ता."

मग टोळीतली माणसं तुमच्यावर तुटून पडली. दांड्यांनी, लाथांनी, एकानं तर पहारीनं. तुम्ही हात वर घेतले असते तर निदान डोकं वाचलं असतं, पण हात काढले की गटार नळात जाणार होतं. मी काठावर उभा. तुमच्या गळ्याखालचं हाड मोडलं त्याचा आवाज मला वरपर्यंत आला. गावातली माणसं धावून आली तोवर तुमच्या उजव्या कानातून रक्त वाहत होतं आणि तुमचे हात त्या पटक्यावर तसेच होते. नळात गटाराचा थेंब गेला नाही.

हाड जुळलं. कान गेला तो गेलाच, आणि दुसराही हळूहळू मंदावला. पहारीला कान लावून तुम्ही पुन्हा कधी पाणी ऐकलं नाहीत, कुणी सुपारी घेऊन आलं नाही. आईनं त्या माणसांना शिव्या घातल्या की म्हणायचात, "त्याचा भाऊ मेल्ता. मारणारच." मला एका शब्दानं बोलला नाहीत. तीन वर्षांनी गेलात, तोवर मी रोज त्या एका शब्दाची वाट बघत होतो. चवथ्यांदा मारलं असतंत तरी चाललं असतं.

पुढं मी आयुष्यभर नळांवरच काम केलं. आधी खूण, मग टिकाव, यात कुणाची गय केली नाही. लोक म्हणायचे, अगदी बापावर गेलाय. मी ऐकून घ्यायचो.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि वाचून दाखवायला तोंड नाही. वर मी लिहिलंय, कुणीतरी म्हणालं. ते खोडणार होतो, पण राहू दे. तो मी होतो, दादा. तुम्हाला तेव्हा दोन्ही कानांनी ऐकू येत होतं. टोळीला आपलं नातं कळू नये म्हणून मी दादा म्हणालो नाही, म्हातारा म्हणालो.