टसरची मादी

१४ जून
किमो झाली. शोभाला शेजारच्या सलीमभाईंच्या रिक्षातून घरी आणलं. खड्डा दिसला की भला माणूस रिक्षा पावलापावलानं नेतो. घरी आल्या आल्या उलटी. पेज दोन घोट, बास. सुपरवायझरला सांगून पहिली पाळी मागून घेतली, म्हणजे दुपारनंतर तिच्याजवळ. बजाजनगरात आज लाइट सारखी जात-येत होती.

१७ जून
शोभाचा भाऊ नाना देवगाव रंगारीहून आला. मेथीची जुडी, आणि पिशवीत अर्जुनाची वाळकी फांदी. फांदीला कोश लटकलेला. लहान अंड्याएवढा, राखाडी, कवचासारखा टणक.
"ताई, तू शाळेत असले लई टांगायची. बांधाच्या झाडावर दिसला, घेऊन आलो."
शो. उठून बसली. कितीतरी दिवसांनी आपणहून. कोश कानाशी नेऊन हलवला. "जड आहे. जिवंत आहे आत." टसर आहे म्हणाली. कन्नडच्या शाळेत विज्ञान शिकवायची, तोच आवाज. मला टसर म्हणजे साडी, एवढंच माहीत.
फांदी खिडकीच्या गजाला बांधली. तिच्या पलंगासमोर.

२२ जून
दुपारभर बोलली. अळी हिरवीगार, बोटाएवढी जाड. अर्जुनाची, ऐनाची पानं खात सुटते. मग कोश विणते, देठसुद्धा स्वतःच विणते, फांदीला वेढा घालून. थंडी, उन्हाळा आतच. हवेत ओल आली की बाहेर.
मी : कधी येईल?
"ते कोणाला ठाऊक! संध्याकाळनंतर येते, एवढं खरं."
आता दिवस कलला की खिडकीकडंच नजर. दुखतंय का विचारलं तर हातानंच गप्प राहा म्हणते.

२७ जून
आली! दिवेलागणीला. शो.नं हाक मारली, मी कणीक मळत होतो, तसल्याच हातांनी पळालो. कोशाचं वरचं टोक ओलं, मऊ झालेलं. आतून तिचंच काहीतरी पाझरतं, त्यानं धागे सुटतात म्हणे. आधी डोकं, मग पाय, मग पिळलेल्या फडक्यासारखं अंग. पंख पार चुरगळलेले. म्हटलं, ही तर अधू निघाली.
शो. हसली. "थांबा जरा."
जेवणं होईस्तोवर पंख उघडले. माझ्या पंजाहून रुंद. हळदीचा रंग. चारी पंखांवर एकेक गोल डोळा, काचेसारखा, आरपार दिसणारा.
वाटीत गुळाचं पाणी केलं.
"राहू द्या. तिला खायला तोंडच नसतं. आता आठवडाभर जगेल. आधी खाल्लंय त्यावर."
वाटी परत ओट्यावर ठेवली. 

२८ जून
मादी आहे. रात्रभर गजाला धरून, पोटाचं टोक बाहेर काढून बसलेली. नराला बोलावतेय, वास सोडून. लई लांबून लागतो म्हणे त्याला. "पण इथं कोण येणार? आजूबाजूला सगळे कारखाने."
शो. जागीच होती. सकाळी म्हणाली, "अहो, हिला गौताळ्याच्या जंगलाकडं नेऊन सोडा."
"तुला टाकून?"
"सलीमभाईंच्या शमीमभाभी बसतील ना माझ्याजवळ. मी कुठं जाते?"
नाय म्हणालो. भांडण झालं. ती रडायला लागली. "इथं मरेल ती अशीच गजाला धरून. मला समोर बघवत नाय."

२९ जून
गेलो. बुटाच्या खोक्यात मादी, झाकणाला भोकं. सलीमभाईंनी भाच्याची गाडी आणली. शमीमभाभी शो.जवळ बसल्या.
कन्नडच्या पुढं, घाट लागायच्या आधी, जंगलाच्या कडेला. ऐन सापडला. मगरीच्या पाठीसारखी साल बघा, असं शो.नं बजावलं होतं. मादी खोडाला लावली. पाय लगेच रुतले.
सलीमभाई खाली वाकून म्हणाले, "जा बेटी."
उजेड गेला. थांबावंसं वाटत होतं. मोबाइलला रेंज नाय, जीव घरी. निघालो.
नऊला घरात. शो. उशीला टेकून वाट बघत बसलेली. "आला का नर?"
तिचा चेहरा बघितला अन् तोंडातून गेलं, "आला की. लगेच आला."
"कसा होता?"
"मोठा. हिच्यासारखाच."
बरं म्हणाली. कूस बदलली.

३० जून
चहा दिला तेव्हा शांतपणे म्हणाली, "नर मध्यरात्र उलटल्यावर उडतात. तुम्ही नऊला घरात होता."
मी कप खाली ठेवला.
"रागावले नाय. पण मला असलं खोटं सांगत जाऊ नका. दवाखान्यातलं तर अजिबात नको."
कबूल म्हणालो. तिनं हात पुढं केला, शपथेसारखा. हात धरला. किती हलका झालाय.
नानाला फोन लावला. कन्नडकडं रात्री पाऊस नव्हता म्हणाला. मग नर उडाला असेल. नसेलही. शो.ला पावसाचं तेवढं सांगितलं, पुढचं नाय.

४ जुलै
तपासणी. शो.ला वर वॉर्डात सलाईन लावली. डॉ.नी मला एकट्याला आत बोलावलं. औषध लागू पडत नाय. अजून एक आहे, त्रास जास्त, गुण येईल याची खात्री नाय. "नाहीतर घरी न्या. दुखू नये एवढं आपण बघू."
किती दिवस, विचारलं. सांगता येत नाही म्हणाले. दार उघडताना खांद्यावर हात ठेवला, "पेशंटला एवढ्यात सांगू नका. खचतील."
जिन्यात बसून लिहितोय. सलीमभाई चहा घेऊन आले. माझ्याकडं बघून त्यांनीही पिला नाय. डॉ.चं सांगितलं. म्हणाले, "भाभी को बतायेंगे?"
मान हलवली. हो का नाय, मलाच कळलं नाय.
वरून नर्स हाक मारतेय, शोभाबाईंचे नातेवाईक कोण म्हणून. सलाईन संपली असेल.
उठतो.