थांबण्याचे तेल

ता. ११ मार्च, सकाळ

चिरंजीव धाकट्यास दादाचे अनेक शुभाशीर्वाद.

ईश्वरकृपेने येथे सर्व क्षेम आहे. तुझ्या वहिनीचा खोकला उतरला. खाणीचा वरचा कठडा बांधून झाला.

काल सकाळी फोनवर तू विचारलेस, "दादा, लोडर चालतो की नाही?" मी म्हणालो, "चालतो." त्यावर "मग उद्या उतारावर घाल" म्हणून तू फोन ठेवलास. माझे वाक्य अर्धेच राहिले. लोडर चालतच होता, धाकट्या. थांबत नव्हता.

मागे ब्रेकचे तेल संपत आले, तेव्हा मी तुला विचारले होते, "बकेट उचलायचं तेल आहे, ब्रेकचं नाही. काय करू?" तू म्हणालास, "चालेल." मी ओतले. शब्द तुझा, हात माझा. दोष वाटून घेऊ. त्या तेलाने ब्रेकमधली रबरे फुगली. उघडून पाहिली तेव्हा फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी सुजली होती.

परवा लोडरची पुढची बकेट दगडांनी भरून उतार उतरत होतो. पेडल दाबले, लोडर थांबेना. अखेर बकेट जमिनीला टेकवली. तिचे दात माती नांगरत गेले आणि लोडर वजनकाट्याच्या खोलीला लागून उभा राहिला. खोलीत आपली सूनबाई होती. खिडकीतून हात काढून तिला बकेटला शिवता आले असते.

ती बाहेर आली. चेहरा पांढरा, पण जीभ शाबूत. "बाबा, लोडरचं वजन करायचं होतं तर नुसतं सांगायचं, मी काटा मोकळा केला असता." मग हळूच म्हणाली, "पेडल मऊ लागलं नाही का तुम्हाला?"

मी म्हणालो, "रबरं बघायला हवीत."

ती पाहिली. बदललीही, चारही चाकांची आणि मुख्य पंपाची. जुने तेल काढून नळ्या धुतल्या आणि योग्य तेल भरले. राहिले नळ्यांतली हवा काढण्याचे काम. त्याला दोघे लागतात, एक वर पेडल दाबणारा आणि एक खाली नळीचे तोंड सैल करणारा. मी खाली निजलो, सूनबाई वर बसली.

"दाब."

"दाबलं. बाबा, तुम्ही वर बसा ना, खालचं मी करते. उद्या पाठ धरली की आईंची बोलणी मलाच खावी लागतील."

"धरून ठेव."

"धरलंय. पाठीचं म्हणत होते मी."

बुडबुडे संपले. वरून आवाज आला, "आता दगडासारखं लागतंय."

मी वर का बसलो नाही, हे तिने विचारले नाही. तुला सांगतो. पेडल मऊ आहे की कडक, हे माझ्या उजव्या पावलाला आता कळत नाही. साखरेने ते बधिर केले आहे. रबरे फुगली हे खरेच. परंतु पाऊल शाबूत असते तर लोडर त्या दिवशी उतारावर गेलाच नसता. इंद्रियांना आवर घालावा, हा उपदेश जन्मभर पोथीत वाचला. एखादे इंद्रिय आपणहून रजा घेते तेव्हा काय करावे, ते मात्र माझे मलाच ठरवायचे होते.

ठरवले आहे. किल्ली सूनबाईकडे दिली. परवाना तिच्याजवळ होताच. तिला काट्यावर बसवले ते तू, आणि गप्प राहिलो तो मी. काल संध्याकाळी सपाटीवर तिने लोडर हवा तिथे थांबवून दाखवला. आज रिकामी बकेट घेऊन उतार उतरेल, मग भरलेली. तिला ब्रेक पसंत पडला तरच काम सुरू होईल, एरवी नाही. काट्यावर मी बसेन.

तू रागावशील. दुसरा माणूस पाठवतो म्हणशील. त्याआधी स्वतः येऊन खिडकीपाशी मातीत उमटलेले ते दात पाहा. मी ते बुजवू दिलेले नाहीत. नव्या डब्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे: 'थांबण्याचे तेल'. तो डबा रिकामा झाला की लोडर उभा राहील. तुझे 'चालेल' येथे यापुढे चालणार नाही.

थांबलेला,
तुझा दादा