दहाव्याला धरलेले कपडे

१७ नोव्हेंबर, सोमवार

अप्पा,

तुम्ही गेल्यापासून अकरा वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफ करा. आज लिहिते आहे तेही तुमच्या आठवणीने नव्हे, माझ्या हातून चूक झाली म्हणून.

उदगीरला महिन्यातून दोन दिवस आम्ही खेड्यापाड्यांतल्या पाळकांचा वर्ग घेतो. तुमच्यासारखीच माणसं. कुणी गवंडी, कुणी भाजी विकणारा. रविवारी आठ-दहा घरांची मंडळी सांभाळतात. त्यांना शिकवायला कधी कुणी गेलंच नाही. त्यांच्यासाठी मी एक पुस्तिका तयार केली. लग्न कसं लावायचं, मयतीला काय वाचायचं, सगळं बायबलच्या वचनांसकट. मला तिचा अभिमान होता.

मागच्या महिन्यात चहाच्या सुट्टीत देगलूरकडचा एक जण जवळ आला. दाळमिलमध्ये पोती उचलतो. म्हणाला, "बाई, थोरला भाऊ वारला. घरचे आपल्यातले न्हाईत. परवा दहावा हाय, जाऊ का?" एवढं विचारायलाच तो सुतकात वर्गाला आला होता, हे आता कळतं. मी पुस्तिकेचं पान काढून दाखवलं: इतर देवांच्या विधीत भाग घेऊ नये. "विधीला नका जाऊ, नंतर भेटून या," म्हणाले आणि कप ठेवून पुढच्या तासाला उभी राहिले. घरी कोण आहे, आई आहे का, एवढंही विचारलं नाही.

परवाच्या वर्गात तो अगदी मागे बसला. मीच जवळ गेले. "तुमचं बरोबरच हाय, बाई. पण माय बोलून न्हाई राहिली. नंतर गेलो तर दार लावून घेतलं. आतून म्हणली, मला दोन लेक होते, दोघांचाबी दहावा झाला." वर मलाच म्हणाला, "तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

तेव्हापासून मला भोकरचं ते तळं दिसतंय. मी नऊ वर्षांची. शेजारच्या शिंपीकाकांचा दहावा. माणसं डोकी भादरून पाण्यात उतरतायत आणि तुम्ही जरा लांब दगडावर बसलाय. सगळ्यांचे सदरे, चष्मे, घड्याळं तुमच्या मांडीवर. पिंडाला कावळा काही शिवत नाही. शिंपीकाकांचा भाऊ पाण्यातूनच ओरडतो, "पास्टर, तुमच्या येशूला म्हणा, एक कावळा तर धाडा!" तुम्ही म्हणता, "त्याच्याकडं कबुतर हाय बाबा, कावळ्याचं तुम्हीच बघा." रडवेली माणसंसुद्धा हसली होती. परतताना मी विचारलं, "अप्पा, हे पाप नाही का?" तुम्ही थांबलात. "कपडे धरले म्या. पुजलं काय?" मग एकदम चिडून, "त्याची माय घरी रडून राहिली अन् तू पाप मोजून राहिली."

हा प्रसंग मी पुस्तिकेत लिहिला होता, अप्पा. मग काढून टाकला. काढ म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. कुणी वचनाचा आधार विचारला तर काय सांगू, असं मी स्वतःला समजावत आले. खरं म्हणजे लातूरला कॉलेजात शिकलेल्या मला, लोकांचे कपडे मांडीवर घेऊन बसलेला पाळक हा माझा बाप, असं लिहायची लाज वाटली.

आणि तरी प्रश्न सुटत नाही. तुम्ही शेजारी होता, देगलूरचा तो सख्खा भाऊ. त्याला कुणी नुसतं दगडावर बसू दिलं असतं का? डोकं भादर म्हणाले असते, तेव्हा त्याने काय करायचं? मला अजून माहीत नाही. पण मला माहीत नाही, एवढं तरी त्या दिवशी म्हणता आलं असतं. त्याच्यासोबत जाता आलं असतं.

त्याच्या आईला वाटतं, लेकाने आपल्या मनाने पाठ फिरवली. माझं नाव त्याने घरी घेतलेलंच नाही. "बाईला कशाला बोल लावायचा," म्हणाला. ते ऐकून मला हायसं वाटलं, अप्पा. तेच जास्त टोचतंय.

हे पत्र पुस्तिकेतच ठेवते, काढून टाकलेल्या पानाच्या जागी.

उद्या: सकाळच्या गाडीने देगलूर. त्याच्या आईला सांगायचं, नको जाऊ म्हणणारी मी.