गिअरबॉक्सचा काय भरवसा

३ जानेवारी

नव्या वर्षाचा संकल्प एकच. गाडी. फॅमिली सेडान, ऑटोमॅटिक.

कारण बायकोचा डावा गुडघा. डॉक्टर म्हणाले, क्लच दाबणं ताबडतोब बंद करा, आतली गादी फाटायला लागली आहे, आणखी ताण दिलात तर ऑपरेशन. घरात गाडी तीच चालवते. तिचं ऑफिस, मुलीचा क्लास, बाजारहाट, मला बसस्टॉपवर सोडणं, सगळं. मी चालवत नाही. येत नाही असं नाही, लायसन आहे, फोटोही बरा आलाय. पण जुन्या गाडीचा क्लच माझ्या पायाच्या ठेवणीला बसत नाही. बायको म्हणाली, ऑटोमॅटिकला क्लचच नाही, मग तुम्हीही चालवाल. मी म्हटलं, अर्थात.

महिनाअखेर गाडी दारात. लिहून ठेवतो.

९ जानेवारी

शोरूम. पांढरी सेडान. बायको आत बसली, डावा पाय लांब केला आणि डोळे मिटून म्हणाली, हीच. सेल्समनने लगेच पेन पुढे केलं.

मी दोघांना वेळेवर आवरलं. मी झाकणांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. उभा जन्म बरण्यांची झाकणं नापास करण्यात गेला. बाहेरून सगळीच झाकणं चांगली दिसतात. मी विचारलं, गिअरबॉक्सचा काय भरवसा? तो म्हणाला, सर, वॉरंटी आहे. म्हणजे बिघडतो! बिघडतच नसेल तर वॉरंटी कशाला? बिचारा पाणी आणायला गेला तो आलाच नाही.

घरी येताना बायको गप्प. मुद्दा पटलेला दिसतो.

१० जानेवारी, सकाळी

इंटरनेटवर वाचन. एकाची अशीच गाडी चढावर मागे आली. दुसऱ्याची गिअर बदलताना आचके देते. तिसरा म्हणतो, पाच वर्षं कसलाही त्रास नाही. पण त्याच्या लिहिण्यात शुद्धलेखनाच्या चुका फार. असा माणूस गाडीकडे काय लक्ष देणार!

आचक्यांचा विषय गंभीर आहे. खोलात जायला हवं.

१८ जानेवारी

खोलात गेलो. ऑटोमॅटिक म्हणजे एक प्रकार नव्हे. एकात पट्टा असतो. पट्टा आला म्हणजे पट्टा तुटणं आलं. एकात सगळं तेलावर चालतं. तेल आलं म्हणजे गळणं आलं. एकात दोन क्लच असतात. जेवताना हे सगळं घरच्यांना समजावलं. बायकोचा घास हातातच राहिला. म्हणाली, एका क्लचने माझा गुडघा गेला, आणि तुम्ही दोन क्लचची गाडी आणताय? मुलीने सांगितलं की आई, ते आतमध्ये असतात, पायाने दाबायचे नसतात. मी म्हटलं, आत असले तरी आहेत ना? बिघडायला दोन झाले.

मुलगी म्हणाली, बाबा, मग सगळ्यात भरवशाचं काय? मी म्हटलं, मॅन्युअल. त्यानंतर कुणी बोललं नाही. भाजीत मीठ कमी होतं, तेही सांगता आलं नाही.

२६ जानेवारी

बायको सकाळी म्हणाली, आज गुडघा वाकत नाहीये, क्लासला तुम्ही गाडी घ्या. मी म्हटलं, घेणारच आहे, पण गिअरबॉक्सचं एकदा नक्की होऊ दे, घाईने घेतली की आयुष्यभर पस्तावा. ती माझ्याकडे बघत राहिली. मुलीने दप्तर पाठीला लावलं आणि म्हणाली, बाबा, नवीन गाडी घ्यायचं नाही म्हणत आई. खाली उभी आहे ती घ्या म्हणतेय. आत्ता. चावी ही.

मराठी भाषेत हा दोष आहेच. गाडी विकत घेणं आणि गाडी बाहेर घेऊन जाणं, दोन्हीला घेणंच. माणसाने काय समजायचं? हे समजावून सांगेपर्यंत बायको पट्टा बांधून खाली गेली होती. गुडघ्याचा पट्टा. गच्चीतून पाहिलं तर गाडी फाटकातून बाहेर पडत होती.

उद्यापासून 'घेणे' हा शब्द जपून वापरायचा.

४ फेब्रुवारी

महिनाअखेर उलटून गेली. उशीर झालेला नाही. निर्णय पिकतो आहे.

११ फेब्रुवारी

मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, आला होता. बोलायला मोकळा माणूस. म्हणाला, भावोजी, अख्खं जग ऑटोमॅटिक चालवतंय. मी म्हटलं, अख्ख्या जगाची झाकणंही मी पाहिलेली आहेत. तो म्हणाला, भावोजी, चालवून तर बघा. बायकोनेही मान डोलावली. मुलीनेही. तिघे एका बाजूला झाले की घरात लोकशाही उरत नाही. शनिवारी टेस्ट ड्राइव्ह ठरली.

प्रकृती थोडी नरम वाटते.

१५ फेब्रुवारी

टेस्ट ड्राइव्ह झाली.

सविस्तर लिहिण्यासारखं नाही. तरी पुरावा म्हणून लिहितो. सेल्समन शेजारी, बायको आणि मेहुणा मागे. रस्ता रिकामा. गाडी छान निघाली, हे मान्य. मग समोरून एक बाई बाबागाडी घेऊन आली, बरीच लांब होती, पण माणसाने सावध असावं. गिअर कमी करायला म्हणून डावा पाय लायसनच्या वेळच्या सवयीने क्लचवर मारला. क्लच नव्हता. होता ब्रेक. चांगला रुंद ब्रेक. गाडी जागच्या जागी थिजली. सेल्समनचं डोकं वर काचेजवळच्या आरशावर आपटलं आणि आरसा निखळून त्याच्या मांडीत पडला. तो हसत म्हणाला, होतं सर, पहिल्यांदा सगळ्यांचं होतं. कपाळावर टेंगूळ येत होतं तरी हसत होता. ट्रेनिंग चांगलं आहे.

मी म्हटलं, बघितलंत? आचका! हेच मी महिनाभर सांगतोय!

मेहुणा खिडकीबाहेर बघत होता, त्याचे खांदे हलत होते. बायको मात्र हसली नाही. आपटू नये म्हणून तिने डावा पाय समोरच्या सीटला रेटला होता. परतताना शोरूमपर्यंत दोन्ही हातांनी गुडघा धरून बसली होती. मला वाईट वाटलं.

म्हणूनच गिअरबॉक्स पक्का हवा.

२३ फेब्रुवारी

नवा विचार. अजून एक वर्ष थांबलं तर कंपन्या आचक्यांवर उपाय शोधतील. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरं. आवाज सपाट. असं बरं म्हणणं म्हणजे होकार नव्हे हे मला कळतं, पण नकारही नव्हे.

तिने हल्ली जिना एकेक पायरी थांबत चढायला सुरुवात केली आहे. मी मागून येतो. घाई करत नाही. तिला एकटं वाटू नये.

७ मार्च

आज वाईट झालं.

दुपारी कारखान्यात फोन आला. मुलीचा. सिग्नलला बायकोचा गुडघा अडकला. क्लच दाबलेला, पाय वर येईना, खाली जाईना. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न, आणि ती स्टिअरिंगला धरून रडत होती. शेवटी दोन अनोळखी माणसांनी तिला उचलून बाहेर काढलं, तिसऱ्याने गाडी बाजूला घेतली. मुलगी मागच्या सीटवर बसून हे सगळं बघत होती. फोनवर तिला नीट बोलता येत नव्हतं.

मी टॅक्सीने पोचलो. बायको फुटपाथवर खुर्चीत बसलेली, कुणीतरी दुकानातून आणून दिलेली. मला बघून म्हणाली, आलात? बास, एवढंच. मी पाठीवर हात ठेवला. गाडी तिथेच उभी होती, चावी लावलेली. दुकानदार म्हणाला, साहेब, गाडी घेताय ना, इथे लावून चालणार नाही. मी म्हटलं, घेतो. मग मेहुण्याला फोन केला. तो आला आणि घेऊन गेला.

मला फार वाईट वाटतंय. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही.

१२ मार्च

ऑपरेशन ठरलं. दुर्बिणीतून करतात, घाबरण्यासारखं नाही असं डॉक्टर म्हणतात. गिअरबॉक्सच्या बाबतीत सेल्समनही हेच म्हणाला होता.

हे वाक्य बायकोला वाचून दाखवणार नाही.

१९ मार्च

ऑपरेशन चांगलं झालं. बाहेरच्या बाकावर मेहुण्याने सांगितलं की पांढरी सेडान ताईने बुक केली. सिग्नलच्या दुसऱ्याच दिवशी, घरून, फोनवर. मला विचारलं नाही. मी विचारलं, कोणत्या गिअरबॉक्सची? तो म्हणाला, जी लवकर मिळत होती ती.

इतक्या अभ्यासाचं काय झालं? पण ही वेळ नव्हती. मी कॉफी आणायला गेलो.

२७ मार्च

गाडी आली. मेहुण्याने आणून खाली लावली. बायको घरी, पाय उशीवर. मुलगी तीनदा खाली जाऊन बसून आली. मीही जाऊन बसलो. नव्या गाडीचा वास येतो. आरसे लावले, सीट पुढेमागे केली. चालू केली नाही. इंजिनला पहिले काही दिवस विश्रांती हवी असते असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं.

वर आलो तर बायको म्हणाली, बसा इथे. बसलो. म्हणाली, तुम्हाला गिअरबॉक्सची भीती नाही हो वाटत. गाडीची वाटते. चालवायची वाटते. लग्न झाल्यापासून बघतेय. त्यात लाज कसली? नुसतं एकदा म्हणाला असतात, मला नाही जमणार, तर मी त्याच दिवशी टॅक्सी लावली असती. गुडघा वाचला असता माझा.

ती शांतपणे बोलली. मी म्हटलं, तसं काही नाही. मग बराच वेळ तिच्या उशीची खोळ सारखी करत बसलो.

३० मार्च

संकल्प. टाके काढायला बायकोला मीच नेणार. गाडीने. टॅक्सी नको म्हणून सगळ्यांना सांगून टाकलं आहे. मुलगी म्हणाली, बाबा, नक्की? मी म्हटलं, नक्की.

डावा पाय सीटखाली आखडून ठेवायचा. फक्त उजवा वापरायचा. एवढं सोपं आहे.

३१ मार्च

सराव. आवारात पुढे गेलो, मागे आलो. परत पुढे गेलो. शोध लागला: ब्रेकवरून पाय काढला की ही गाडी आपोआप हळूहळू सरकते. अॅक्सिलरेटर दाबावाच लागत नाही! हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग भीती कसली? आनंदाने वर जाऊन बायकोला सांगितलं. ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, बघा हं.

१ एप्रिल, दुपारी

गेलो.

बायको मागे, पाय सीटवर लांब केलेला, काठी मांडीवर. मुलगी पुढे. ब्रेक सोडला. गाडी निघाली. फाटकातून बाहेर पडलो, अंगावर शहारा आला. खरोखर मी चालवत होतो. रस्ता सरळ, दवाखाना समोरच्या टोकाला, इमारत दिसत होती. गाडी सरकत होती, मी ब्रेकवर पाय टेकवून सरकू देत होतो. एकही आचका नाही.

मागे हॉर्न सुरू झाले. मुलगी म्हणाली, बाबा, थोडं दाबा. मी म्हटलं, दाबतो. पाय अॅक्सिलरेटरवर नेला. पाय गेला, पण दाबला जाईना. जणू माझा नव्हताच. पुन्हा प्रयत्न केला. तळवे ओले झाले होते, स्टिअरिंग निसटत होतं. एक आजोबा फुटपाथवरून आमच्या बाजूने चालत आले, आत वाकून बघितलं आणि पुढे निघून गेले. मागे रांग लागली. कुणीतरी ओरडलं. मुलीने मान खाली घातली.

बायको मागून म्हणाली, अहो, डॉक्टर निघतील. मी म्हटलं, पोचतोच आहोत. ती म्हणाली, बाजूला घ्या. मी म्हटलं, बाजूला घेतली तर पुन्हा आत कसा येऊ? ती म्हणाली, मग इथेच ब्रेक दाबा. दाबला.

दार उघडलं. आधी काठी बाहेर आली, मग बरा पाय, मग पट्टी बांधलेला. मुलगीही उतरली आणि तिने आईचा हात धरला. बायको खिडकीशी वाकली. म्हणाली, तुम्ही या सावकाश. रागात नव्हती. घामाने भिजलेल्या माझ्या कपाळावरून तिने बोट फिरवलं, काच वर करायला सांगितली, हॉर्नचा त्रास नको म्हणून, आणि निघाली.

मी ब्रेक जरासा सोडला. गाडी सरकू लागली. दोघी पुढे चालल्या होत्या, एक पाऊल, काठी, एक पाऊल. आधी माझ्या दाराजवळ होत्या, मग बॉनेटच्या पुढे गेल्या, मग त्यांच्या आणि गाडीच्या मध्ये एक सायकलवाला आला. मी अॅक्सिलरेटरकडे पाहिलं. पाहिलंच फक्त. बायको दवाखान्याच्या फाटकाशी थांबली, वळली, आणि मी येतोय का बघितलं.

येतोय, येतोय, असं मी ओरडून सांगितलं. काच बंद होती.