बिनभोकाची पेटी

ता. ५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कागद गिरणीत नव्या यंत्राचे भाग पोचले. खोकी फोडायची आहेत, पण आधी तुझा नकाशा उघडला. गिअरपेटीला आत शिरायचं भोकच नाही! आतले बोल्ट आवळणार कोण, तुझा साहेब? वर्षाकाठी दोन यंत्रं बनतात आणि दोन्हींच्या पोटात शिरतो तो मीच. त्यासाठी इतकी वर्षं ताटावरून अर्धपोटी उठलो. आईला विचार. गॅसकटर मागवलाय, भोक इथेच पाडतो. तू नकाशा सुधार.

माया आहे, म्हणूनच ओरडतो.
बाबा

ता. ९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न.

भोक विसरलो नाही, मुद्दाम बुजवलं. नकाशा बदलणार नाही. साहेबही म्हणाले, दोन यंत्रांसाठी एवढा खटाटोप कशाला? मी म्हटलं, दोन्हींत माझेच वडील शिरतात.

बोल्टांची तोंडं आता बाहेर आहेत. पेटी जमिनीवर उभ्याने जुळवा, मग क्रेनने अख्खी उचलून बसवा.

क्रेनवाले काका घरी आले होते. मागच्या खेपेला तुम्ही खांद्यापाशी अडकलात, तेल ओतून ओढून काढावं लागलं, हे ते आईसमोर बोलून गेले. घरी तुम्ही जिन्यावरून पडलो म्हणाला होतात. आई ताट तसंच सोडून उठली.

कापायची तर कापा. पुढची पेटीही मी बिनभोकाचीच काढीन, नोकरी गेली तरी.

रागावलात तरी लोभ कमी करू नये.
तुमचा धाकटा

ता. १७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आधी त्या क्रेनवाल्याच्या तोंडाला झाकण बसेल असा नकाशा काढ.

कटर परत पाठवला. तुला भ्यालो म्हणून नव्हे, गॅस संपला होता. पेटी उभ्याने जुळवली. एखादा तरी बोल्ट अडेल म्हणून डोळे लावून बसलो होतो, एक मेला अडेल तर शपथ! इथला ढेरपोट्या फोरमनसुद्धा पाना फिरवून गेला, वर मलाच म्हणाला, सोपं आहे की. तुझं कौतुक करणार नाही, वाट बघू नकोस.

रविवारी येतोय. आईला सांग, ताट भरून वाढ, आणि मग पुन्हा वाढ. आता मला कुठल्या भोकातून जायचंय?

लोभ आहेच, तो मोजत बसू नकोस.
बाबा